बारा टक्क्यांचे दुकान तोट्यात, तीस टक्क्यांचे नफ्यात

डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीने संगणकावरचे गेम विकणारे स्वतःचे डिजिटल दुकान उघडले. त्या वेळी कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी एक साधा हिशेब मांडला होता. ग्राहकाकडून पैसे स्वीकारण्याचा खर्च मोठ्या देशांत विक्रीच्या अडीच ते साडेतीन टक्के येतो, गेमच्या फाइली ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा खर्च दीड टक्क्याहून कमी असतो आणि ग्राहकसेवा व दैनंदिन कामकाज यांवर एक ते दीड टक्का जातो. म्हणजे सगळे मिळून पाच ते सात टक्के. तेव्हा विक्रीच्या १२ टक्के कमिशन घेतले तरी दुकान नफ्यात चालेल, आणि जे ३० टक्के घेतात ते खर्चाच्या कितीतरी पट वसूल करतात, असे त्यांचे म्हणणे होते. रोख अर्थातच व्हॉल्व कंपनीच्या स्टीम या दुकानाकडे होता.

आकडेमोड म्हणून या हिशेबात खोट काढणे कठीण आहे. तरीही जवळपास पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एपिकने गूगलविरुद्ध चालवलेल्या खटल्यात याच दुकानाची जबाबदारी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की दुकान अजून नफ्यात आलेले नाही. दुसरीकडे ३० टक्के घेणारे स्टीम वाढतच होते. मार्च २०२५ मध्ये त्याच्यावर एकाच वेळी उपस्थित असलेल्या वापरकर्त्यांची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली. स्वस्त दुकान तोट्यात आणि महाग दुकान भरभराटीत, हे नेहमीच्या व्यापारी शहाणपणाच्या उलटे वाटते. ते तसे का घडते हे समजले की डिजिटल गेमच्या धंद्यात नफा नेमका कुठून येतो हेही बऱ्यापैकी उलगडते.

सुरुवात त्या ३० टक्क्यांपासून करू. गेम डब्यात बंद होऊन विकले जात तेव्हा किमतीतून दुकानदाराचा नफा, वितरकाचा वाटा, डिस्कचा आणि छपाईचा खर्च, न खपलेल्या मालाच्या परतीचा भुर्दंड असे बरेच काही वजा होत असे, आणि गेम बनवणाऱ्याच्या हाती किमतीचा लहानसा भाग पडे. त्या तुलनेत ७० टक्के तुमचे आणि ३० टक्के आमचे, हा सौदा डेव्हलपरांना भलताच उदार वाटला. ॲपलने २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू केले तेव्हा हाच आकडा धरला, आणि कन्सोल म्हणजे खास गेम खेळण्यासाठीच्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवरच्या दुकानांतही तोच रूढ झाला. थोडक्यात, हा आकडा खर्चावरून काढलेला नव्हता. जुन्या व्यवस्थेपेक्षा बरा म्हणून तो स्वीकारला गेला आणि नंतर त्याचा पायंडा पडला.

स्टीमचा जन्मही दुकान म्हणून झालेला नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्वने ते आणले ते काउंटर-स्ट्राइकसारख्या स्वतःच्या गेमच्या सुधारित आवृत्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकदम पोहोचवता याव्यात म्हणून. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉल्वचाच हाफ-लाइफ २ हा गेम आला, आणि तो दुकानातून डिस्क विकत आणून खेळायचा असला तरी स्टीमवर खाते उघडणे सक्तीचे होते. लोकांनी त्याबद्दल भरपूर बोटे मोडली. इतर कंपन्यांचे गेम स्टीमवर यायला लागले ते २००५ पासून. म्हणजे आज ज्या दुकानावर खेळाडूंचा एवढा लोभ आहे, त्याची पहिली गिऱ्हाइके प्रेमाने आलेली नव्हती. एका हव्याहव्याशा गेमच्या दारावर त्यांना खात्याची पावती फाडावी लागली होती. एपिकवर पुढे सक्तीचा आरोप झाला तेव्हा हा इतिहास फार कमी जणांनी आठवला.

बचत कोणाच्या खिशात जाते?

समजा एका गेमची किंमत ६० डॉलर आहे. ३० टक्के कमिशन घेणाऱ्या दुकानात तो विकला गेला तर बनवणाऱ्याला ४२ डॉलर मिळतात. १२ टक्क्यांच्या दुकानात ५२ डॉलर ८० सेंट. फरक १० डॉलर ८० सेंटचा, म्हणजे एका प्रतीमागे चौथाई उत्पन्न जास्त. डेव्हलपरसाठी ही रक्कम लहान नाही. विकत घेणाऱ्याला मात्र दोन्हीकडे ६० डॉलरच मोजावे लागतात. त्याच्या दृष्टीने स्वस्त दुकान स्वस्त झालेलेच नसते.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या दुकानाला दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात. एका बाजूला गेम घेणारे खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला दुकानात माल मांडणारे डेव्हलपर व प्रकाशक. खेळाडू जिथे गेम असतील तिथे जातात आणि डेव्हलपर जिथे खेळाडू असतील तिथे जातात. एपिकने दिलेली सवलत दुसऱ्या बाजूला होती, तर अडचण पहिल्या बाजूची होती. डेव्हलपरला जास्त वाटा देऊन त्याला दुकानात आणता येते, पण त्याच्या मागोमाग खेळाडू येतीलच असे नाही, कारण तोच गेम त्यांना आपल्या नेहमीच्या ठिकाणी त्याच किमतीत मिळत असतो.

मग डेव्हलपरांनी वाचलेल्या कमिशनचा काही भाग ग्राहकाला देऊन किंमत का उतरवली नाही? तोच गेम १२ टक्क्यांच्या दुकानात ५० डॉलरला विकला तरी बनवणाऱ्याला ४४ डॉलर मिळतात, म्हणजे ६० डॉलरच्या विक्रीतून स्टीमवर मिळणाऱ्या ४२ पेक्षा जास्तच. कागदावर सर्वांचा फायदा दिसतो. असे घडल्याचे उदाहरणही आहे: २०१९ मध्ये मेट्रो एक्झोडस हा गेम अमेरिकेत एपिकच्या दुकानात ६० ऐवजी ५० डॉलरला आला. पण ही प्रथा पडली नाही. मोठा प्रकाशक तोच गेम कन्सोलवरही विकत असतो आणि तिथल्या किमतीपेक्षा संगणकावरची किंमत फार खाली आणणे त्याला नको असते. शिवाय वाचलेला पैसा स्वतःकडे ठेवण्याचा मोह कोणत्याही प्रकाशकाला आवरत नाही, आणि त्यात काही गैर आहे असेही म्हणता येत नाही.

याचे तिसरे एक कारण सांगितले जाते, ते न्यायालयात आहे. एप्रिल २०२१ मध्ये वुल्फायर गेम्स या छोट्या कंपनीने व्हॉल्ववर दावा लावला. स्टीमवरचा गेम दुसऱ्या दुकानात त्याहून कमी किमतीत विकू नये असा दबाव व्हॉल्व आणते, असा तिचा आरोप आहे. डेव्हलपरला आपल्या गेमच्या स्टीम-की, म्हणजे स्टीमवर गेम उघडून देणारे सांकेतिक क्रमांक, फुकट तयार करून अन्यत्र विकता येतात आणि त्या विक्रीवर व्हॉल्व कमिशन घेत नाही. पण अशा की स्टीमपेक्षा स्वस्तात देऊ नयेत, ही अट उघडच आहे आणि ती समजण्याजोगीही आहे, कारण डाउनलोडचा भार स्टीमच उचलतो. वाद आहे तो ही अट स्टीमशी संबंध नसलेल्या आवृत्त्यांनाही लावली जाते का, याचा. व्हॉल्वला आरोप मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या दाव्याला डेव्हलपरांच्या मोठ्या गटाच्या वतीने चालणाऱ्या सामूहिक दाव्याचे रूप दिले. आरोप सिद्ध झाला तर स्वस्त दुकानाचे एकमेव खरे हत्यार, म्हणजे कमी किंमत, बोथट का राहिले याचे एक मोठे उत्तर मिळेल.

आवळा दिला, कोहळा आला नाही

खेळाडूला ओढून आणण्यासाठी एपिकने दोन मार्ग धरले. पहिला फुकट गेमचा. आधी दर पंधरवड्याला आणि नंतर दर आठवड्याला एखादा गेम फुकट. खाते उघडायचे, गेम आपल्या नावावर करायचा, तो कायमचा आपल्या यादीत. एपिकने ॲपलविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २०२१ मध्ये जी कागदपत्रे बाहेर आली, त्यांत या योजनेच्या पहिल्या नऊ महिन्यांचा हिशेब होता. ३८ गेमसाठी एपिकने डेव्हलपरांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर दिले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती उघडली गेली. एका नव्या खात्यामागे अडीच डॉलरहूनही कमी खर्च. कोणत्याही जाहिरात विभागाने हेवा करावा असा हा आकडा आहे, आणि योजना आजवर चालू राहिली यात म्हणूनच आश्चर्य नाही.

फक्त खाते म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. एपिक स्वतः दर वर्षी प्रसिद्ध करते ते आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०१९ च्या अखेरीस दुकानात संगणकावरून नोंदवलेले वापरकर्ते १०.८ कोटी होते आणि इतर कंपन्यांच्या गेमवर त्या वर्षी २५.१ कोटी डॉलर खर्च झाले. २०२४ मध्ये वापरकर्ते २९.५ कोटी झाले आणि इतर कंपन्यांच्या गेमवरचा खर्च होता २५.५ कोटी डॉलर. मधल्या काळात, २०२२ मध्ये, तो ३५.५ कोटींपर्यंत चढून पुन्हा उतरला. खाती पावणेतीन पट झाली आणि विक्री जवळजवळ जागच्या जागी राहिली. २०२४ मध्ये दुकानातून झालेला एकूण खर्च १०९ कोटी डॉलर होता, म्हणजे त्याचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग फोर्टनाइटसारख्या एपिकच्या स्वतःच्या गेममध्ये झाला. लोक फुकटाचा गेम घ्यायला येतात, फोर्टनाइट खेळायला येतात आणि खरेदी करायची वेळ आली की नेहमीच्या दुकानात जातात.

२५.५ कोटींवर १२ टक्के धरले तर कमिशन होते जास्तीत जास्त ३ कोटी ६ लाख डॉलर. एवढ्यातून कर्मचारी, सर्व्हर, फुकट गेमचे पैसे आणि जाहिरात सगळे भागवायचे आहे. स्वीनींच्या हिशेबात एक अट गृहीत होती: दुकान चालवण्याचा स्थिर खर्च मोठ्या उलाढालीवर वाटला गेला की नगण्य होतो. उलाढालच मोठी झाली नाही, तर हीच अट उलटते. पाच ते सात टक्के हा प्रत्येक विक्रीमागचा खर्च होता. विक्री व्हावी म्हणून लागणारा खर्च त्यात नव्हता, आणि खरा पैसा गेला तो त्यातच.

तो कसा गेला हे दुसऱ्या मार्गात दिसते. एपिकने काही गेम ठरावीक काळासाठी, बहुधा सहा महिने ते वर्षभर, संगणकावर फक्त आपल्याच दुकानात मिळतील असे करार केले. डेव्हलपरला स्टीमवरची विक्री सोडायला लावायची तर तिची भरपाई द्यावी लागते. म्हणून अमुक इतकी विक्री होईलच असे धरून त्याचे पैसे आगाऊ दिले जात, आणि पुढे विक्री झाली की एपिक आधी आपली रक्कम वळती करून घेई. विक्री कमी पडली तर तूट एपिकची. २०१९ च्या बॉर्डरलँड्स ३ या एका गेमच्या व्यवहारात एपिकने १४.६ कोटी डॉलरची बांधिलकी घेतली होती, असे त्याच खटल्यातल्या कागदपत्रांवरून कळले. त्यातला मोठा भाग विक्रीतून वसूल होण्यासारखा होता, त्यामुळे ती सगळी रक्कम पाण्यात गेली असे समजू नये. तरी प्रमाण पाहा: २०२४ च्या पातळीचे कमिशन धरले तर ही रक्कम पावणेपाच वर्षांच्या कमिशनएवढी भरते. दुकानाचा तोटा २०१९ मध्ये सुमारे १८ कोटी आणि २०२० मध्ये सुमारे २७ कोटी डॉलर असल्याचेही या खटल्यात मांडले गेले. हा खर्च पेलला तो फोर्टनाइटच्या कमाईने. सप्टेंबर २०२३ मध्ये एपिकने सुमारे ८३० कर्मचारी, म्हणजे जवळपास १६ टक्के, कमी केले आणि कंपनी बराच काळ कमाईपेक्षा जास्त खर्च करत होती हे स्वीनींनी कबूल केले. पदरमोड करून दुकान चालवायचे तर पदरही त्या तोलाचा लागतो.

एकाधिकाराच्या करारांचा एक उपपरिणाम असा झाला की बऱ्याच खेळाडूंनी सहा महिने थांबणे पसंत केले. संगणकावर खेळणाऱ्यांना थांबण्याची सवय असते. स्टीमच्या हंगामी सवलतींनीच ती लावलेली आहे. नवा गेम आज नाही तर पुढच्या वर्षी, आणि तोही अर्ध्या किमतीत, हे त्यांना ठाऊक असते.

साठलेल्या कपाटाची ओढ

स्टीमवर लोक का टिकतात याचे उत्तर म्हणून त्याच्या सोयींची यादी नेहमी दिली जाते: गेममधली प्रगती आपोआप जपून ठेवणे, मित्रांची यादी, खरेदीदारांचे अभिप्राय, खेळाडूंनीच बनवलेल्या बदलांसाठी २०११ पासून चालणारे वर्कशॉप, पैसे परत मिळण्याची सोय. या सोयी खऱ्या आहेत, आणि एपिकच्या दुकानात एकापेक्षा जास्त गेम एकत्र घेण्यासाठी खरेदीची टोपली डिसेंबर २०२१ पर्यंत नव्हती, ही गोष्ट कोणाही दुकानदाराला खाली मान घालायला लावेल अशी आहे. पण सोयी नकलता येतात. पुरेसे अभियंते आणि पुरेशी वर्षे दिली तर कोणीही टोपली बांधू शकतो.

जी नक्कल होत नाही ती गोष्ट म्हणजे खेळाडूच्या खात्यात पंधरा-वीस वर्षांत साठलेले गेम. हे कपाट दुसरीकडे हलवता येत नाही. नवा गेम घ्यायचा तर तो या कपाटातच असावा, सगळे एका जागी दिसावे, मित्रही तिथेच भेटावेत, अशी ओढ निर्माण होते आणि प्रत्येक खरेदीगणिक ती घट्ट होत जाते. दुसऱ्या दुकानात खाते उघडायला पैसे पडत नाहीत, कोणी अडवतही नाही. तरी माणूस जात नाही. या धंद्यातला दीर्घकालीन नफा माझ्या मते प्रामुख्याने या साठ्यातून येतो. कमिशनचा दर हा त्या पकडीचा मोबदला आहे, तिचे कारण नाही.

याची साक्ष मोठ्या प्रकाशकांनी स्वतःच्या पैशाने दिली आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ मध्ये ओरिजिन नावाचे आपले दुकान काढले आणि आपले नवे मोठे गेम स्टीमवर देणे बंद केले. ३० टक्के वाचवायचे होते. २०१९ मध्ये कंपनी स्टीमवर परतली. बेथेस्डाने २०१८ चा फॉलआउट ७६ आधी स्वतःच्या दुकानापुरता ठेवला होता. २०२२ मध्ये ते दुकानच बंद केले. युबीसॉफ्ट २०१९ मध्ये एपिककडे गेली आणि २०२२ च्या अखेरीस आपले गेम पुन्हा स्टीमवर मांडू लागली. कॉल ऑफ ड्यूटी हा गेम २०१८ पासून चार वर्षे स्टीमबाहेर राहून २०२२ मध्ये आत आला. वाचलेल्या ३० टक्क्यांपेक्षा बुडालेली विक्री भारी पडली, एवढाच याचा अर्थ होतो. गेम खेळणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने २०१८ मध्ये दुकान काढून डेव्हलपरांना ९० टक्के देऊ केले होते. ते दुसऱ्याच वर्षी गुंडाळले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून संगणकावरच्या गेमचे कमिशन १२ टक्क्यांवर आणले, आणि त्यानेही स्टीमच्या आसनाचा पाया हलला नाही.

स्टीमने स्पर्धेची दखल घेतलीच नाही असे मात्र नाही. एपिकचे दुकान उघडण्याच्या अगदी तोंडावर, २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस, व्हॉल्वने जाहीर केले की एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्केच घेतले जातील. सवलत मोठ्यांना मिळाली, कारण सोडून जाण्याची ताकद मोठ्यांकडेच होती. एकट्याने गेम बनवणारा माणूस ३० टक्केच देतो. २०१७ पासून दर गेममागे १०० डॉलर भरून कोणालाही स्टीमवर गेम मांडता येतो आणि २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. त्या गर्दीत लहान डेव्हलपरला दुकानाची गरज असते, दुकानाला त्याची नसते. ॲपलने मात्र २०२१ पासून उलट केले: वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांचे कमिशन १५ टक्क्यांवर आणले. तिथे कायद्याचा आणि टीकेचा दाब होता, प्रतिस्पर्धी दुकानाचा नव्हता, आणि दाब कुठून येतो त्यावर सवलत कोणाला मिळते हे ठरले.

कन्सोलचा हिशेब निराळा आहे, पण तो लवकर सांगून होतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डोच्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचे दुकान उघडताच येत नाही. यंत्र पुष्कळदा अगदी कमी नफ्यावर, कधी तोटा सोसूनही, विकायचे आणि पुढे गेमच्या विक्रीतून ते भरून काढायचे, अशी रचना असल्याने तिथले ३० टक्के काही अंशी यंत्राच्या किमतीचा हप्ता असतात. संगणकावर स्टीमला असा बचाव मांडता येत नाही, कारण यंत्र ग्राहकाने आधीच दुसऱ्याकडून घेतलेले असते.

याच गोष्टीत स्टीमचे सर्वांत मोठे दुखणे आहे. त्याचे सगळे साम्राज्य मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर उभे आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान आणले तेव्हा व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्या विंडोजवर कडक शब्दांत टीका केली होती. त्यानंतर व्हॉल्वने लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, जे काम सुरू केले ते आजतागायत चालू आहे. त्या प्रणालीवर चालणाऱ्या २०१५ च्या स्टीम मशीन, म्हणजे गेमसाठीचे तयार संगणक, फसल्या. २०१८ मध्ये प्रोटॉन आले, ज्यामुळे विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालू लागले, आणि २०२२ मध्ये त्याच पायावर स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. हा सगळा खटाटोप मी विम्याचा हप्ता म्हणून पाहतो: उद्या घरमालकाने अटी बदलल्या तर जायला दुसरी जागा असावी. शेअर बाजारात नसलेली आणि दर तिमाहीला उत्तर द्यावे न लागणारी कंपनीच असा हप्ता दहा-दहा वर्षे भरू शकते.

दुसरे दुखणे असे की पैसा दुकानाच्या दारातून जाणेच कमी होत आहे. फोर्टनाइट, रोब्लॉक्स, माइनक्राफ्ट, लीग ऑफ लेजेंड्स हे गेम स्टीमवर नाहीत आणि त्यांना त्याची गरजही नाही. लोक वर्षानुवर्षे तेच खेळतात आणि खर्च आतल्या आत करतात. व्हॉल्वला हे आधी उमगले होते. २०१२ च्या अखेरीस तिने खेळाडूंना गेममधल्या वस्तू एकमेकांना विकता येतील असा बाजार उघडला, आणि काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुकीच्या रंगीत वेष्टनाची खरेदी-विक्री झाली की ५ टक्के स्टीमचे आणि १० टक्के गेमचे म्हणून एकूण १५ टक्के व्हॉल्वच्याच गल्ल्यात पडतात. या उत्पन्नासाठी नवा गेम लागत नाही, की बाहेरचा डेव्हलपरही लागत नाही.

विक्री एकदा, सेवा कायमची

डिजिटल दुकानाच्या ताळेबंदात एक असा बोजा असतो जो डब्यातला गेम विकणाऱ्याला कधीच नव्हता. २००५ मध्ये १० डॉलरला विकलेला गेम ग्राहक २०२५ मध्ये पुन्हा डाउनलोड करू शकतो, आणि २०४५ मध्येही तो करता यावा अशी त्याची अपेक्षा असते. कमिशनचे ३ डॉलर एकदाच आले. सर्व्हर, सुरक्षा, नव्या संगणकांशी जुळवून घेणे हा खर्च थांबत नाही. जोवर नवी विक्री येत असते तोवर जुन्या ग्राहकांचा भार तिच्यातून सहज निघतो. विक्री आटली की हा भार उघडा पडतो. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांच्या दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली, एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय विक्री थांबल्यावरही ठेवण्यात आली. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हीटा यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर महिन्याभरातच निर्णय मागे घेतला. गूगलने इंटरनेटवरून थेट गेम खेळवणारी स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हा लोकांनी घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, पण त्यासाठी गूगलएवढी गंगाजळी लागते. लहान दुकान बुडाले तर परत द्यायला काही उरलेले नसते.

म्हणून दुकान नफ्यात आहे की नाही, हा ग्राहकाच्याही हिताचा प्रश्न आहे. त्याला मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना, आणि परवाना देणारा उभा असेपर्यंतच तो चालतो. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल विक्रेत्यांवर हे स्पष्ट सांगण्याची सक्ती केली, आणि स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली.

त्या वेळी गॉग या दुकानाने लगेच आपला वेगळेपणा सांगितला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये काढलेल्या या दुकानात गेमला कुलूप नसते. एकदा घेतला की त्याची फाइल आपल्याकडे उतरवून ठेवायची, पुढे दुकान राहो न राहो, गेम चालतो. २०१९ पर्यंत तिथे अशीही पद्धत होती की एखाद्या देशात गेमची किंमत अमेरिकेपेक्षा जास्त असेल तर फरकाचे पैसे दुकान स्वतःच्या वाट्यातून ग्राहकाला परत देई; डेव्हलपरांना जास्त वाटा द्यावा लागू लागला तसे ते परवडेना आणि ती बंद झाली. ग्राहकाला इतके मोकळे सोडणारे दुसरे मोठे दुकान नाही, आणि मोकळ्या ग्राहकाला बांधून ठेवण्याचे साधनही त्याच्याकडे नाही. सीडी प्रोजेक्टची खरी कमाई पुढे तिच्या स्वतःच्या गेममधून होत राहिली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने गॉग आपल्याच एका संस्थापकाला, मिखाऊ किचिन्स्की यांना, सुमारे ९ कोटी झ्लोटींना विकून टाकले.